सही बहिणीची, सातबारा भावाचा

वडिलांचे दिवस होतात, पैपाहुणे आपापल्या गावी परततात आणि थोरला मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जातो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच.) वारस नोंदीचा अर्ज होतो. गाव नमुना 6क मध्ये नावं चढतात: आई, दोन भाऊ, एक बहीण. फेरफार पडतो, नोटिसा निघतात, 15 दिवसांत कुणाची हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर चार नावं येतात. इथपर्यंत सगळं कायद्याप्रमाणे चोख. मग काही महिन्यांत त्याच सातबाऱ्यावर आणखी एक फेरफार पडतो. त्यात बहिणीचं नाव कमी झालेलं असतं, पुष्कळदा आईचंही. कारण काय, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

स्त्रियांवरच्या अन्यायाची चर्चा सुरू झाली की हुंडा, गर्भलिंगनिदान, मारहाण हे विषय पुढे येतात, आणि ते यायलाच हवेत. पण मला हा दुसरा फेरफार जास्त विचार करायला लावणारा वाटतो. इथे कुणी कुणावर हात उगारलेला नसतो. कागद कायदेशीर, सही स्वखुशीची, साक्षीदार ओळखीचे. आणि तरीही या एका सहीने बाईचं पुढचं आयुष्य जेवढं बदलतं तेवढं फार थोड्या गोष्टींनी बदलतं.

मुलीला वाटा मिळण्याचा इतिहास वाटतो त्याहून लांब आणि नागमोडी आहे. हिंदू कोड बिल संसदेत रखडलं, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यामागे ते एक मोठं कारण होतं. पुढे त्या बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. त्याने मुलीला वारस केलं खरं, पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सेदार राहिले ते मुलगेच. मुलीला हिस्सा मिळायचा तो फक्त वडिलांच्या वाट्यातला.

याचा हिशेब मांडून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. समजा बारा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. घरात आई, वडील, दोन मुलगे आणि एक मुलगी. वडील 1990 मध्ये वारले. कायदा आधी काल्पनिक वाटणी धरायचा: वडील, आई आणि दोन मुलगे, प्रत्येकी तीन एकर. आईचा हा हिस्साही सहज पदरात पडलेला नाही. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या खटल्यात 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. मग वडिलांच्या तीन एकरांचे चार भाग, आई आणि तीन मुलं यांच्यात. म्हणजे प्रत्येक मुलाला पावणेचार एकर, आईला पावणेचार आणि मुलीला 30 गुंठे. राहत्या घरात तर तिला वाटणी मागताच येत नव्हती. भावांनी वाटणी करायचं मनावर घेतलं तरच तिचा हिस्सा निघायचा. राहायचा हक्क होता, तोही ती अविवाहित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली असेल तरच.

महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला मुलाच्या बरोबरीने सहहिस्सेदार केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केरळने एकत्र कुटुंबाची पद्धतच 1970 च्या दशकात कायद्याने मोडीत काढली होती. आंध्र आणि तमिळनाडूही आपल्या पुढे होते. सबंध देशाला लागू झाली ती 9 सप्टेंबर 2005 ची दुरुस्ती, आणि तिने लग्न झालेली, न झालेली हा भेद काढून टाकला. तरी वाद संपले नाहीत. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत की नकोत, यावर न्यायालयांचे निकाल एकमेकांच्या विरुद्ध जात राहिले. अखेर विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही.

आता तेच बारा एकर पुन्हा मांडा. काल्पनिक वाटणीत पाच हिस्से, मग वडिलांच्या हिश्श्याचे चार भाग. आई, दोन मुलगे, मुलगी, सगळ्यांना सारखेच तीन एकर. 30 गुंठ्यांवरून तीन एकर, म्हणजे चौपट. कायद्याने एवढी उडी क्वचितच घेतली असेल, आणि गावात तिचा आवाज इतका कमी क्वचितच ऐकू आला असेल.

आवाज कमी का, याचं एक उत्तर महसुली दप्तरात आहे. जुने सातबारे उघडा. कर्ता वारला की थोरल्या मुलाचं नाव लागायचं आणि त्यापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ., एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीचे वारस, त्यातही बहिणी, उजवीकडच्या 'इतर अधिकार' या रकान्यात. हा रकाना खरा कशासाठी? सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचा हक्क, वाटेची वहिवाट यांसाठी. मोटारपंपाच्या कर्जाखाली बहिणीचं नाव. कायद्याने तिचा मालकीहक्क त्यामुळे बुडत नव्हता, पण गावाच्या डोळ्यांना मालक एकच दिसायचा. शासनाने ही पद्धत थांबवा म्हणून सूचना काढल्या, पण जुन्या नोंदी अजून जागोजागी सापडतात.

आणि दुसरं उत्तर म्हणजे हक्कसोड. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर अर्धा दिवस उभं राहिलं तरी हे बघायला मिळतं. भावाने गाडी केलेली असते. बहीण ठेवणीतल्या साडीत, बरोबर तिचा नवरा किंवा मोठा मुलगा. दस्त लिहिणाऱ्याकडे मजकूर तयारच असतो, फक्त नावं आणि गट नंबर बदलायचे. माझा विवाह झालेला असून मी सासरी सुखाने नांदत आहे, लग्नात मला मानपान मिळालेला आहे, मला या मिळकतीची गरज नाही, मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, विनामोबदला हक्क सोडत आहे. तिला सुखाने नांदतेस का, असं कुणी विचारलेलं नसतं. आत कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, दोन साक्षीदार. 'मान्य आहे ना?' असं विचारलं जातं आणि ती मान डोलावते. बाहेर आल्यावर हॉटेलात जेवण, एखादी पैठणी नाहीतर साधी साडी, आणि संध्याकाळच्या एसटीने परत. साडीचोळीवर बोळवण म्हणतात ती ही. वडिलोपार्जित मिळकतीच्या अशा दस्ताला मुद्रांक शुल्क कित्येक वर्षं जेमतेम 200 रुपये होतं. इतक्या स्वस्तात तीन एकर जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जायची.

मग ती सही का करते? अडाणी म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि बहुधा चुकीचं. शिक्षिका करतात, नर्स करतात, वकील असलेल्या बहिणी करतात. त्यांचा हिशेब साधा असतो. सासरी काही बिनसलं तर जायला माहेर हवं. बाळंतपणाला, आजारपणाला, नवरा गेला तर. मुलीच्या लग्नात मामा आहेर घेऊन उभा राहायला हवा. दिवाळीला मूळ यायला हवं, भाऊबीजेला ओवाळायला भाऊ हवा. वाटा मागितला की हे सगळं तुटतं, आणि आजूबाजूला तशी तुटलेली एखादी बाई दिसतेच. थोडक्यात, जमीन हा माहेर नावाच्या विम्याचा हप्ता आहे, आणि तो एकरकमी भरायचा. गोम अशी की हा विमा तिला लागतो तोच मुळी तिच्या नावावर जमीन नाही म्हणून. नावावर तीन एकर असलेल्या बाईला वहिनीचा चेहरा बघत माहेरी राहावं लागत नाही.

यावर दोन युक्तिवाद हमखास येतात. पहिला, तिच्या लग्नात खर्च केला ना, तोच तिचा वाटा. लग्नाचा खर्च मांडववाल्याकडे, आचाऱ्याकडे आणि सासरच्यांकडे जातो. तिच्या नावावर त्यातलं काय असतं? अंगावरचं सोनं, आणि पहिल्या दुष्काळात गहाण पडतं ते तेच. शिवाय भावाच्याही लग्नात खर्च झालेला असतो. त्याचा हिस्सा त्यातून वजा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त पटण्यासारखा वाटतो: तिला सासरी मिळतंच की. नीट बघा, काय मिळतं? सासरची जमीन सासऱ्याच्या, मग नवऱ्याच्या नावावर. सून त्या कुटुंबात सहहिस्सेदार नसते. नवरा जिवंत असेपर्यंत सातबाऱ्यावर तिचा हक्क शून्य. तो गेला तर विधवा म्हणून ती वारस. तोवर तिकडे नणंदेकडून हक्कसोड घेतलेली असते आणि त्यासाठी हिनेच नणंदेला चार गोड शब्द ऐकवलेले असतात. म्हणजे दोन घरांतल्या दोन बहिणींनी हक्क सोडले, दोन भावांच्या जमिनी वाढल्या आणि दोन्ही बायका कोऱ्याच राहिल्या. 'इकडे गेलं, तिकडे आलं' हा हिशेब पुरुषांच्या नावांपुरता बरोबर जुळतो. बीना अग्रवाल यांनी जमिनीची मालकी आणि बायका या विषयावर अनेक दशकं काम केलं आहे. त्यांच्याही अभ्यासांतून हेच दिसतं, की ज्या थोड्या बायकांच्या नावावर जमीन आहे त्यांतल्या बहुतेकींना ती विधवा म्हणून आलेली असते, मुलगी म्हणून नव्हे.

ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला दिसलीच नव्हती असं नाही. शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला महिलांचं प्रचंड अधिवेशन घेतलं, आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. संघटनेचे नेते शरद जोशी गावोगाव शेतकऱ्यांना सांगत, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा. शंभर जणांनी तसं केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. सरकारनेही 1992 मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आणली, तिच्यात नवऱ्याने हयातीतच अर्ज करून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. खर्च जवळजवळ नाही. योजना आजही आहे. पण अर्ज नवऱ्याने करायचा आहे, आणि तिथेच गाडी अडते.

सातबाऱ्यावर नाव नसण्याने नेमकं काय बिघडतं? पहिल्यांदा, शेतकरीपण जातं. ग्रामीण भारतात कामाला जाणाऱ्या बायकांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश शेतीत आहेत, पण 2015-16 च्या कृषी गणनेत बायकांच्या नावे असलेली वहिती खाती सुमारे 14 टक्केच होती. खुरपणी, वेचणी, दारं धरणं, जनावरं, सगळं करून सरकारी कागदावर ती शेतकऱ्याची बायको. पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये ज्याच्या नावे जमीन त्याला. पीक कर्ज त्याला, पीक विम्याची भरपाई आली तर तीही त्याच्या खात्यात. विविध कार्यकारी सोसायटीचं सभासदत्व, साखर कारखान्याचा शेअर, त्यातून मिळणारं मत, सगळं त्याच एका कागदाच्या आधाराने चालतं. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात बायकांना दोन जागा राखीव आहेत, त्यांवर बहुधा कुणाची पत्नी नाहीतर कुणाची आई बसते. महाराष्ट्राचं निम्मं राजकारण ज्या सहकारातून उभं राहिलं, त्याचं दार सातबाऱ्यातून उघडतं, हे लक्षात घेतलं की बायका त्या राजकारणात का दिसत नाहीत याचं फार कोडं उरत नाही.

नवऱ्याने आत्महत्या केली तर हे सगळं एकदम अंगावर येतं. सोसायटीचं कर्ज, सावकाराचं कर्ज, शाळेतली मुलं आणि जमीन सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. महिला किसान अधिकार मंच अर्थात मकाम या गटाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा 505 बायकांची पाहणी केली. नवरा जी जमीन कसत होता तिचा हक्क सुमारे 40 टक्के जणींना मिळालेला नव्हता. त्या त्याच शेतात राबत होत्या, फक्त आता दिराच्या मर्जीवर.

आणि मारहाण. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी विवाहित बायकांची पाहणी केली होती. ज्यांच्या नावावर जमीन नाही आणि घरही नाही अशांपैकी 49 टक्के जणींना दीर्घकाळ शारीरिक मारहाण सोसावी लागली होती. ज्यांच्या नावावर दोन्ही होतं, त्यांच्यात हे प्रमाण 7 टक्के. शिक्षण, उत्पन्न यांचा परिणाम बाजूला काढूनही फरक टिकला. कारण शोधायला लांब जायला नको. ज्या बाईला रात्री घराबाहेर काढता येत नाही, जी सकाळी स्वतः निघून जाऊ शकते, तिच्यावर हात टाकताना माणूस दोनदा विचार करतो.

एवढं सगळं मांडल्यावर कायदा आणखी कडक करा, असं म्हणावंसं वाटतं. पण इथे एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. 2005 च्या आधी ज्या राज्यांनी मुलींना वाटा दिला तिथला अनुभव अर्थशास्त्रज्ञांनी तपासला आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मुलींना वारसा मिळण्याची शक्यता वाढली, लग्नाचं वय पुढे गेलं, शिक्षण वाढलं. हे चांगलं झालं. पण सोनिया भालोत्रा, रेचल ब्रुले आणि संचारी रॉय यांच्या अभ्यासात याची दुसरी बाजूही दिसली: पहिली मुलगी झालेल्या घरांत मुलाचा हव्यास वाढला. मुलगी म्हणजे उद्या जमिनीला पडणारी चीर, असं ज्यांना वाटतं त्यांनी मुलगीच नको असं ठरवलं. महाराष्ट्रात 2001 ला हजार मुलग्यांमागे (सहा वर्षांपर्यंतच्या) 913 मुली होत्या, 2011 ला 894. बीडमध्ये तर 807. याला सोनोग्राफी यंत्रांपासून कुटुंब लहान होण्यापर्यंत अनेक कारणं आहेत, सगळं खापर वारसा कायद्यावर फोडणं अन्यायाचं होईल. पण भावांची जमीन आणि बहिणीचा जन्म यांचा संबंध लोकांच्या मनात पक्का आहे, आणि तो हक्क नाकारून सुटणार नाही. मुलीच्या वाट्याला घाबरून मुलगी नाकारणारा समाज तिला वाटा न देताही तिला नाकारतच होता.

शेजारच्या गोव्यात चित्र थोडं वेगळं आहे. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा सांगणारी व्यवस्था अजून चालते. लग्न होताच, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत दोघांची. जमीन विकायची तर दोघांची सही लागते. आईबापांना निम्म्या मिळकतीपलीकडे मनमानी मृत्युपत्र करता येत नाही, उरलेली निम्मी मुलामुलींत सारखी. आपल्याकडे मात्र बाप स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करून सगळं मुलग्यांना देऊ शकतो, आणि 2005 नंतर ही वाट बऱ्याच घरांना सापडली. तरी गोव्यातल्याही बहिणी भावांच्या नावे हक्क सोडतात, तेव्हा नुसत्या कायद्याची किमया किती चालते याचाही अंदाज येतो. आदिवासींना तर 1956 चा कायदाच लागू नाही. नंदुरबार, गडचिरोलीतल्या मुलींचा प्रश्न रूढी काय सांगते यावर अडतो.

कायद्यात एक मोठं भोक अजून आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची मिळकत बायको, मुलं आणि आई यांना. बाई तशी गेली, आणि तिला नवरा-मुलं नसतील, तर तिने स्वतः कमावलेलं सगळं आधी नवऱ्याच्या वारसांना. तिचे आईबाप त्यांच्यानंतर. सर्वोच्च न्यायालयापुढे 2009 मध्ये असा एक खटला होता. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली मुलगी. आईबापांनी शिकवलं, तिने नोकरी केली, पैसे साठवले आणि मृत्युपत्र न करता वारली. पैसे गेले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. सहानुभूती तुमच्या बाजूने आहे, पण कलम स्पष्ट आहे, असा त्या निकालाचा सूर होता. म्हणून पगार मिळवणाऱ्या प्रत्येक बाईने, विशेषतः मूल नसलेल्या, चार ओळींचं मृत्युपत्र करून ठेवावं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर चालतं, स्टॅम्प लागत नाही.

आणि हक्कसोडीचं काय? सगळं मागणं आणि सगळं सोडणं, यांच्या मध्ये बरीच जागा आहे, हे वकील सहसा सांगत नाहीत आणि भाऊ तर नाहीच. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर राहू शकतं आणि शेत भाऊच कसू शकतो. खंडाने, बटईने किंवा नुसतं वर्षाला दोन पोती ज्वारी आणि तूर पाठवून. भावाने वर्षानुवर्षं कसलं एवढ्याने तिचा हक्क बुडत नाही, सहमालकाचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. तलाठ्यासमोर 'मला हिस्सा नको' असा जबाब दिला म्हणजे हक्कसोड झाली, असंही नाही. त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. समृद्धी महामार्गासारख्या प्रकल्पाला जमीन गेली आणि मोबदल्याचे आकडे आले, तेव्हा सहीसाठी बहिणींचे पत्ते शोधत फिरलेले भाऊ बऱ्याच गावांनी पाहिले. ज्यांची नावं कागदावर होती त्यांनाच ते शोधत होते.

नाव आहे की गेलं, हे बघायला आता गावी जावं लागत नाही. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर निघतो, आणि पडलेल्या फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर पुण्यात बसूनही दिसते, दुबईत बसूनही. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि गट नंबर बघायचा. हरकत घ्यायला 15 दिवस असतात.